पाहुण्यांच्या खोल्या आणि अप्पांचं घर

अप्पांचं वाक्य ठरलेलं होतं. "लेकीच्या घरी जेवीन, दोन घटका बसेन, पण राहणार नाही." माझं लग्न झाल्यापासून ते हेच म्हणत आले आणि तसेच वागले. आमच्या फ्लॅटपासून त्यांचं घर रिक्षानं दहा मिनिटांवर. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा डोळ्यावर हिरवी पट्टी लावून ते माझ्याकडे जेवायला आले आणि जेवून परत गेले. मी चिडले की आई म्हणायची, "सुम्ने, गपचूप सोड गं. त्यांचं ते तसंच."

त्यामुळे अप्पा राहत होते ती म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातली इमारत विकली गेल्याचं कळलं तेव्हा आता ते जाणार कुठे, हेच माझ्या मनात आलं. अप्पांचं शिवणकामाचं दुकान त्याच इमारतीत पुढे, आणि मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. माझा जन्म तिथला. घर भोग्यानं घेतलेलं होतं. म्हैसूरच्या जुन्या लोकांना ही पद्धत माहीत आहे: मालकाला एकदाच मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं नाही, आणि घर सोडताना तीच रक्कम परत घ्यायची. मालक भला माणूस होता. वर्षभराची मुदत देतो म्हणाला, पैसेही पूर्ण परत देतो म्हणाला. पण अप्पांनी तरुणपणी दिलेल्या त्या रकमेत आता शहरात कोण भोग्यानं घर देणार? भाड्यानं घ्यायचं तर सुई-दोऱ्याच्या कमाईत दर महिन्याला ते झेपणारं नव्हतं. माझ्याकडे ते राहणार नव्हते. मी भाडं भरते म्हटलं तर तेही नको. उरलं आईचं माहेर, बेट्टदपूर. तिथे मामा होता, टेकडीवरचं देऊळ होतं, पण अप्पांकडून कोट शिवून घेणारं एकही गिऱ्हाईक नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मेहुण्याच्या ओसरीवर बसवायचं, एवढाच मार्ग दिसत होता.

माझ्याबद्दल थोडं सांगते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी. कॉम. हे मी नेहमी सांगते, नवऱ्याला ऐकून ऐकून कंटाळा आलाय, तरी सांगते. माझं पदवीचं सर्टिफिकेट अप्पांनी फ्रेम करून घरात नाही, दुकानात लावलं होतं. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेताना ते त्याला मुद्दाम त्या भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. "वाचा की सावकाश, मला वेळ लागतो माप घ्यायला," असं म्हणायचे.

मी एका शाळेच्या ऑफिसात हिशेब बघते. नवरा साताऱ्याचा, नोकरीमुळे इथे आलेला. त्याच्यामुळेच महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींशी माझी ओळख झाली. ते लोक माझ्या म्हैसुरी मराठीला हसायचे, प्रेमानंच. मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी "नाही का?"च्या जागी कानडी "अल्वा?" म्हणते, ते मला स्वतःला कळतही नाही.

या मंडळींपैकी दहा कुटुंबांनी मिळून एच. डी. कोटे रोडला जागा घेतली होती. आम्हीही त्यात. संस्था केली होती. प्रत्येकाचं घर वेगळं, पण मधे एक मोठं स्वयंपाकघर, एक हॉल, एक बाग सगळ्यांची मिळून. मुलं परदेशी, आपण म्हातारे होणार, मग एकमेकांना धरून राहू, असा विचार. इंग्रजीत त्याला को-हाउसिंग म्हणतात. अप्पांना मी ते समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपल्या गल्लीसारखं."

आई आतून म्हणाली, "गल्लीत नळावर भांडणं व्हायची. तुमच्या त्यात नळ किती?"

ही सगळी कल्पना पुण्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेची. त्यांना सगळेच बाई म्हणतात, त्यांचा नवरासुद्धा. बाईंनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं की ही वसाहत फक्त फ्लॅट विकून येणाऱ्यांची होता कामा नये. दहा घरांबरोबर दोन छोटी घरं बांधायची, कमी पैशात राहू शकतील अशा माणसांसाठी. एक, बाईंच्या ओळखीच्या एका एकट्या नर्ससाठी. दुसऱ्यासाठी मी अप्पांचं नाव सुचवलं आणि कोणी हरकत घेतली नाही. खरं सांगायचं तर त्या एका घरासाठीच मी नवऱ्याला या भानगडीत ओढलं होतं. त्या घराबद्दल अप्पांना अजून काही सांगितलं नव्हतं. पक्कं झाल्याशिवाय त्यांच्यासमोर बोलायची माझी हिंमत नव्हती.

आणि मग एका रविवारी बाईंच्या घरी बैठक होती. मधे मद्दूर वड्यांची ताटली. हिशेब ठेवणारे काका, बँकेतून निवृत्त झालेले, चष्मा पुसत म्हणाले, "कंत्राटदाराचा आकडा आला. आपण ठरवलं होतं त्याच्या बाहेर जातंय. तेव्हा ती दोन छोटी घरं आपण पुढच्या टप्प्यात घेऊ."

पुढचा टप्पा म्हणजे काय ते मला ऑफिसात राहून चांगलं माहीत आहे. आमच्या शाळेचं क्रीडांगण अजून पुढच्या टप्प्यातच आहे.

बाईंनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. नवऱ्यानं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला, म्हणजे शांत राहा. मी शांतच होते. मी टेबलावरचा वसाहतीचा नकाशा पुढे ओढून घेतला, कारण डोळ्यांत पाणी आलेलं कोणाला दिसू नये एवढाच हेतू होता. नकाशाकडे बघत बसले. आणि बघता बघता एक गोष्ट दिसली. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात एक चौकोन, त्याला चिकटून एक बाथरूम. दहाही घरांत. माझ्याही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पाहुण्यांची खोली," काका म्हणाले. "सगळ्यांनी मागितली होती. तुम्हीही."

"मी मागितली, कारण तुम्ही सगळ्यांनी मागितली. वर्षातले किती दिवस पाहुणे असतात तुमच्याकडे?"

"अहो, म्हैसुरात राहून काय विचारता? दसऱ्याला!" बाई म्हणाल्या. "माझी नणंद, तिची मुलं, जावई. दिव्यांची रोषणाई बघायला सगळं पुणं माझ्याकडे उतरतं. त्यांना काय हॉटेलात पाठवू? पुण्यात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. कोणाचे व्याही, कोणाची कोल्हापूरची भावंडं. दसऱ्याला म्हैसुरात घर असणं म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच कळतं. एरवी फोनही न करणारा माणूस राजवाड्याचे दिवे लागायच्या सुमाराला "सहज येतोय" म्हणून कळवतो.

"सगळ्यांसाठी मिळून दोन खोल्या करू," कोणीतरी म्हणालं.

"आणि दसऱ्याला दहा घरचे पाहुणे एकाच दिवशी आले की?" काका म्हणाले. "चिठ्ठ्या टाकायच्या?"

सगळे हसले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. याच अडचणीमुळे तर प्रत्येकानं स्वतःपुरती खोली मागितली होती. नऊ रात्रींसाठी बारा महिन्यांची खोली बांधायची, झाडायची, तिच्यात जुन्या सूटकेस ठेवायच्या, आणि तिच्यापायी अप्पा बेट्टदपूरला जायचे. हे माझ्या मनात आलं आणि मी बोलून गेले.

"आमच्या गल्लीत दसऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त पाहुणे यायचे. दोन खोल्यांची घरं, अल्वा? आम्ही कुठे झोपवायचो सांगू? विठोबाच्या देवळात. आमच्या शिंपी मंडळींच्या देवळाला एक माळा होता, त्याच्यावर गाद्या. त्या गाद्या देवळाच्या, कोणा घरच्या नाहीत. ज्याच्याकडे पाहुणा आला त्यानं जाऊन उतरवायच्या, उन्हात टाकायच्या, पाहुणे गेले की परत ठेवायच्या. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. जेवण ज्याच्या त्याच्या घरी, झोप देवळात. हुबळीहून आत्या यायची तर आमच्या घरी झोपायला नकोच म्हणायची. म्हणायची, देवळात गप्पा जास्त चांगल्या होतात."

मी पेन्सिल घेतली आणि माझ्या घराच्या चौकोनावर काट मारली.

"आपला हॉल आहे ना मोठा. गाद्या संस्थेच्या ठेवू. न्हाणीघरं चार जास्त बांधू. या सगळ्या खोल्या वगळून जे वाचेल त्यात ती दोन घरं उभी राहतात की नाही, बघा काढून. मी बी. कॉम. आहे, पण तुम्ही बँकेतले, तुम्हीच बघा."

काका नवऱ्याकडे वळले. "आणि साताऱ्याहून तुमच्या मातोश्री येतात ना दसऱ्याला? त्या हॉलमध्ये झोपतील?"

हे मी त्याला विचारलेलंच नव्हतं. नवऱ्यानं वडा खाली ठेवला, तोंड पुसलं. "आई घोरते," तो म्हणाला. "आजपर्यंत आम्हीच सहन केलं. आता सगळ्या वसाहतीला कळू दे."

त्या हसण्यात बैठक संपली, पण निर्णय झाला नाही. असे निर्णय बैठकीत होत नाहीत. ज्याला त्याला घरी जाऊन बायकोशी, नवऱ्याशी भांडून घ्यावं लागतं. तो आठवडा मी शाळेत चुकीच्या वर्गाच्या फीच्या पावत्या फाडल्या. गुरुवारी बाईंचा फोन आला.

"मी नणंदेला विचारलं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, एसी आहे का हॉलला."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं पंखा आहे, यायचं तर ये. मी खोली सोडली गं. पण तुला एक सांगते, मला आवडलेलं नाही. माझ्या सासूबाई असत्या तर..." आणि त्यांनी पुढचा अर्धा तास सासूबाईंबद्दल सांगितलं. मी ऐकत राहिले. त्या दिवशी त्यांनी रात्रभर सांगितलं असतं तरी ऐकलं असतं.

पुढच्या रविवारपर्यंत आठ घरांनी खोली सोडली. दोघांनी नाही सोडली. एकांकडे अंथरुणाला खिळलेले वडील होते, त्यांच्यासाठी राहती मदतनीस ठेवायची होती, ते बरोबरच होतं. दुसरे म्हणाले, मला नाही आवडत पाहुण्यांना हॉलबिलमध्ये झोपवणं, मी जास्त पैसे भरतो. त्यांच्याशी कोणी वाद घातला नाही. काकांनी आकडे मांडले, परत मांडले, आणि म्हणाले, "बसतंय. दोन्ही छोटी घरं याच टप्प्यात बसतायत."

आता प्रश्न होता की त्या घरांत राहणाऱ्यांनी पैसे कसे द्यायचे. विकत घेणं अप्पांना शक्य नव्हतं. भाडं ठेवलं तर ते वाढतच जाणार. मी म्हटलं, भोग्यानं द्या. त्या मंडळींना हा शब्दच नवा. पुण्यात घर एक तर विकतचं, नाहीतर भाड्याचं.

"भाडं नाही आणि रक्कम परत द्यायची? मग संस्थेला मिळालं काय?" काकांनी विचारलं.

"तुम्ही बांधकामाला बँकेचं कर्ज काढणार होता ना? तेवढं कमी काढा. ही रक्कम बिनव्याजी आहे. ते घर सोडतील तेव्हा पुढचा राहणारा तेवढीच रक्कम भरेल, ती यांना परत. घर कायम संस्थेचं. कोणी ते विकून नफा काढायचा नाही. म्हणजे पुढच्यालाही ते परवडेल. रोजच्या देखभालीचा खर्च जो सगळ्यांना, तो त्यांनाही, घराच्या आकाराप्रमाणे."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं?"

"नाही. हे म्हैसूर आहे," मी म्हटलं.

अप्पांना सांगायला मी शनिवारी दुपारी दुकानात गेले. ते एका शाळकरी मुलाच्या चड्डीचा कंबरपट्टा उसवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाचे उपकार?" त्यांनी विचारलं.

"कोणाचे नाहीत. भोग्य आहे. मालक देतो ती रक्कम तुम्ही संस्थेत भरायची. सगळी. एक पैसा मी घालणार नाही, तुम्ही म्हणाल तरी नाही."

"दार वेगळं?"

"वेगळं."

"तुझ्या दाराला चिकटून?"

"मधे बाग आहे."

त्यांनी दात लावून दोरा तोडला. "मीटिंगमध्ये मला बोलता येणार का? का नुसतं बसायचं, सरी सरी, बरं बरं म्हणत?"

"एका घराला एक मत. तुमच्या घरालाही."

"आणि शिलाई? नोडु, हे बघ, घरी मशीन चालणार. काम बंद करून मी कुठे जाणार नाही. इथे जवळच पुतण्याच्या दुकानात एक कोपरा मिळेल सकाळचा, बसनं येईन. पण संध्याकाळी घरी मशीन लागेल. या तुझ्या साहेब लोकांना आवाज चालतो का, ते आधी विचार."

हे मी विचारलं नव्हतं. संस्थेच्या नियमांत तर लिहिलेलं होतं की घरात धंदा चालवायचा नाही. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या त्याच्यावर, मीही, अप्पांच्या मशीनचा विचार न करता. परत बैठक, परत वडे. मी अप्पांना बरोबर घेऊन गेले, कारण माझ्या बोलण्यापेक्षा त्यांचं बोलणं बरं. ते स्वतः शिवलेला करडा कोट घालून आले. जून महिना होता, तरी कोट.

बाईंनी विचारलं, "आवाज किती होतो मशीनचा?"

"स्वल्प," अप्पा म्हणाले. "तुमच्या मिक्सरपेक्षा कमी. आणि मिक्सर सकाळी सहाला चालतो. माझी मशीन संध्याकाळी आठला बंद."

बाईंचे यजमान फार कमी बोलतात. ते एकदम म्हणाले, "यांना येऊ द्या. माझ्या पँटी सगळ्या ढिल्या झाल्यात." अप्पांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "कमरेत दोन इंच," ते म्हणाले, "आणि उंची पण जास्त आहे, टाचेखाली जाते."

नियम बदलला: घरात बसून, दुसऱ्याला त्रास न होता करता येईल ते काम चालेल. नंतर कळलं की त्याचा फायदा इतरांनाही झाला. एकीनं शिकवण्या सुरू केल्या, एकीनं दिवाळीचा फराळ. पण त्या दिवशी मला त्याचं काही नव्हतं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि नवऱ्याला म्हटलं, "आता मला रडू दे, दोन मिनिटं." तो म्हणाला, "रड. मी वडा खाऊन येतो."

बांधकामाला आम्हाला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. मालकानं मुदत थोडी वाढवून दिली, देव त्याचं भलं करो. शेवटी पुढच्या वर्षी श्रावणात अप्पा-आई राहायला आले. एक खोली, स्वयंपाकघर, पुढे ओटी, ओटीवर मशीन. सर्टिफिकेटची फ्रेम आता मशीनच्या वर आहे. आईनं आल्या आल्या बागेतले नळ मोजले.

मग दसरा आला. हॉलमध्ये टाकायला गाद्या पाहिजेत म्हणून संस्थेनं कापूस पिंजून आणला आणि अभ्रे शिवायचं काम अप्पांकडे आलं. मजुरी घेणार का म्हणून काकांनी विचारलं, तर अप्पांनी घेतली. नेहमीच्या दरानं. मला बरं वाटलं त्याचं. अभ्रे सगळे एकाच निळ्या पट्ट्यांचे. कोणाचा पाहुणा कोणत्या गादीवर हे ओळखू येता कामा नये, असं ते म्हणाले.

बाईंची नणंद आली, एसी नाही म्हणून कुरकुरली आणि माझ्या सासूबाईंशेजारी झोपली. हुबळीहून आत्या आली, काठी टेकत. अप्पांनी तिला आपल्या ओटीवर बसवून जेवायला वाढलं. सकाळी हॉलच्या दारात मी बाईंच्या नणंदेला विचारलं, "झोप लागली का?"

"कसली झोप," ती म्हणाली. "एक जण घोरत होती. आणि ती तुझी हुबळीची आत्या पहाटेपर्यंत गोष्टी सांगत होती. पुढच्या वर्षी मी दोन दिवस आधी येणार आहे."

त्याच संध्याकाळी अप्पा माझ्या दारात आले. दार उघडंच होतं, तरी त्यांनी कडी वाजवली. मी म्हटलं, या की अप्पा, कडी कशाला? ते आत आले, खुर्चीवर बसले, कॉफी घेतली, नातवाची चौकशी केली. बाहेर अंधार पडायला लागला तसे उठले. खिशातून किल्ली काढून हातात धरली.

"येतो मग," ते म्हणाले. "घरी जातो. आई वाट बघत असेल."

मी खिडकीतून बघत राहिले. बाग ओलांडायला त्यांना थोडा वेळ लागला, वाटेत एका झाडाशी थांबले, तिथे उभ्या असलेल्या बाईंच्या यजमानांच्या पँटीकडे बघून काहीतरी बोलले. मग त्यांच्या ओटीवरचा दिवा लागला आणि मशीनचा आवाज सुरू झाला. मी घड्याळात पाहिलं. आठ वाजायला अजून अवकाश होता.